चांद्याची रिकामी जागा

लाल श्यामशाह यांनी १९६४ साली खासदारकीचा राजीनामा दिला आणि चांदा (आजचे चंद्रपूर) लोकसभा मतदारसंघाची जागा रिकामी झाली. रिकामी जागा किती दिवसांत भरावी, याला त्या काळी कायद्यात मुदत नव्हती. तरी पोटनिवडणूक त्याच वर्षी झाली. पुढे ३० मे २०२३ रोजी त्याच जागेवरचे खासदार बाळू धानोरकर यांचे निधन झाले. तोवर कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलेली होती. पोटनिवडणूक मात्र झाली नाही. या दोन घटनांच्या मधल्या साठ वर्षांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याने अर्ज भरणे, मागे घेणे, राजीनामा देणे आणि रिकाम्या जागेची वाट पाहणे, हे सगळे पाहून घेतले.

लाल श्यामशाह पानाबरसचे गोंड जमीनदार. पानाबरस तेव्हाच्या मध्य प्रदेशात, आजच्या छत्तीसगडमधल्या मोहला-मानपूर भागात. म्हणजे माणूस राज्याच्या सीमेपलीकडचा आणि निवडून आला महाराष्ट्रातून, १९६२ साली, अपक्ष म्हणून. यात कायद्याला काही वावगे नव्हते. लोकसभेच्या सर्वसाधारण जागेसाठी देशात कुठेही मतदार म्हणून नाव असले की पुरते. आणि कोरची, कुरखेडा, धानोरा या भागातल्या गोंडांना ती सीमा महसूल खात्यापुरतीच होती. सोयरीक पलीकडे, बाजार पलीकडे, देवाची जत्रा पलीकडे. मग खासदार पलीकडचा असला तर बिघडले कुठे?

ती निवडणूक आणखी एका कारणाने वेगळी होती. १९५२ आणि १९५७ साली प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. पेटीवर चिन्ह चिकटवलेले, मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारांची नावे आणि चिन्हे एकाच कागदावर छापून आली आणि त्यावर शिक्का मारायचा, अशी पद्धत रूढ झाली. माघारीच्या नियमांचा इतिहास समजून घ्यायचा तर हा फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण पेटी मतदानाच्या आदल्या दिवशीही उचलून बाजूला ठेवता येते, छापून झालेले नाव कागदावरून उचलता येत नाही.

१९५६ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात ५५-अ हे कलम घातले गेले होते. माघारीची मुदत संपल्यावरही, मतदानाच्या दहा दिवस आधीपर्यंत, उमेदवाराला लढतीतून निवृत्त होण्याची सोय त्यात होती. १९५७ ची निवडणूक या सोयीसह झाली. १९५८ साली ते कलम रद्द झाले. मला वाटते, पेटीच्या काळात ते चालून गेले असते. छापखान्याच्या काळात नाही. तेव्हापासून उमेदवाराला मागे फिरायची एकच खिडकी उरली आहे आणि ती दुपारी तीन वाजता बंद होते.

लाल श्यामशाह यांची खंत माघारीची नव्हती. ते निवडून आले होते, दिल्लीत बसत होते. दंडकारण्य प्रकल्प १९५८ पासून सुरू होता. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना मध्य भारतातल्या जंगलात वसवायचे चालले होते, आणि ज्यांची ती भूमी, त्या आदिवासींना कोणी विचारत नव्हते. निर्वासितांचे दुःख खरेच होते, त्यांनी ही जागा मागून घेतली नव्हती. पण साल-सागाची जंगले तुटत होती, आणि संसदेतल्या एका अपक्ष खासदाराच्या बोलण्याने ते थांबत नव्हते. श्यामशाह यांनी राजीनामा देऊन टाकला. त्यांना दुसरा पक्ष गाठायचा नव्हता, मंत्रिपदही नको होते. नंतरच्या काळात राजीनाम्यांची जी कारणे आपल्या सवयीची झाली, त्यांत हे बसत नाही.

राज्यघटनेचे कलम १०१ त्या वेळी साधे होते: सदस्याने स्वतःच्या सहीनिशी अध्यक्षांना लिहून दिले की जागा रिकामी. अध्यक्षांनी स्वीकारण्या-नाकारण्याचा प्रश्नच नसे. १९७४ साली, गुजरातेत नवनिर्माण आंदोलनाच्या दडपणाखाली आमदारांनी दिलेल्या राजीनाम्यांनंतर, ३३वी घटनादुरुस्ती झाली. तेव्हापासून राजीनामा स्वखुशीचा आणि खरा आहे ना, याची खात्री अध्यक्षांनी करून घ्यायची असते. खात्री पटली नाही तर तो स्वीकारायचा नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

चांद्याची जागा रिकामी झाली तो काळच जिल्ह्याला जड गेलेला. चांद्याचे मारोतराव कन्नमवार, वर्तमानपत्रे विकून दिवस काढलेला हा माणूस, २० नोव्हेंबर १९६२ रोजी महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला होता. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, म्हणून ही खुर्ची त्यांच्याकडे आली. चव्हाणांना लोकसभेत जायला नाशिकची जागा मिळाली आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे म्हणायचे ते दिवस, त्यांच्यासमोर उभा राहणार कोण? कन्नमवारांना मात्र खुर्ची जेमतेम वर्षभर लाभली. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच ते गेले. जिल्ह्याने आपला मुख्यमंत्री गमावला आणि काही महिन्यांत खासदारही.

लोकसभेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने कन्नमवारांच्या पत्नी गोपिकाबाई यांना उभे केले. जिल्हा त्यांना ताई कन्नमवार म्हणून ओळखे. त्या निवडून आल्या आणि तिसऱ्या लोकसभेची उरलेली मुदत त्यांनी पुरी केली. १९६७ साली मतदारांनी पुन्हा अपक्षालाच पाठवले, के. एम. कौशिक यांना. म्हणजे १९६४ चा निकाल काँग्रेसकडे कायमचा वळलेला कौल नव्हता. दिवंगत नेत्याच्या पत्नीला रिकाम्या जागेवर बसवण्याचा प्रघात मात्र तेव्हापासूनचा, आणि तो चंद्रपूरने अजून सोडलेला नाही.

आता त्या तीन वाजताच्या खिडकीकडे येऊ.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ३७ सांगते की उमेदवाराने ठरल्या दिवशी दुपारी तीनच्या आत, लेखी, सही करून माघारीची सूचना द्यावी. ती स्वतः द्यावी, नाहीतर लेखी अधिकार देऊन सूचकाच्या किंवा निवडणूक प्रतिनिधीच्या हाती पाठवावी. एकदा दिली की परत घेता येत नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दोनच गोष्टी पाहायच्या: सूचना अस्सल आहे का, आणि आणून देणारा तोच आहे का. खात्री झाली की ती कार्यालयाच्या ठळक जागी चिकटवायची. अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या लगेच पुढच्या दिवशी छाननी आणि छाननीनंतर दोन दिवसांनी माघार, असा क्रम. माघार आणि मतदान यांच्यात पूर्वी किमान वीस दिवस लागत. १९९६ पासून चौदा पुरतात.

१९९६ ची ही दुरुस्ती का आली, यात मराठी माणसाचा मोठा हात आहे. त्या वर्षी बेळगाव लोकसभा मतदारसंघात महाराष्ट्र एकीकरण समितीने सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधायला शेकडो अर्ज भरले. मुदत संपली तेव्हा ४५६ उमेदवार रिंगणात होते. त्यांना जिंकायचे नव्हते, माघारही घ्यायची नव्हती; निवडणूक यंत्रणेच्या गळ्यात आपला प्रश्न बांधायचा होता. तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा येथे पाण्याच्या प्रश्नावर ४८० जण उभे राहिले, तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभेला तर हजाराच्या वर. संसदेने त्यानंतर अनामत रक्कम वाढवली आणि अपक्षांना दहा सूचकांची अट घातली. उमेदवार मतदानाआधी मरण पावला तर निवडणूकच रद्द होण्याची जुनी तरतूद बदलली. आता मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार गेला तरच मतदान पुढे ढकलतात आणि त्या पक्षाला नवा माणूस द्यायला सात दिवस मिळतात. आधी माघार घेतलेल्यालाही अशा वेळी पुन्हा उभे राहता येते. याच दुरुस्तीने कलम १५१-अ आणले: रिकामी जागा सहा महिन्यांत भरा.

कागदावर सगळे चोख आहे. गडचिरोलीत मात्र हे कागद जंगलातून चालत जातात.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचा पूर्वभाग तोडून गडचिरोली जिल्हा केला गेला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८० च्या सुमारास, पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी गटाची पहिली माणसे गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंच्यात आली होती. पुढची चार दशके जवळपास प्रत्येक निवडणुकीला बहिष्काराची हाक आली. झाडांना लाल कापडी बॅनर बांधलेले, रस्त्यावर आडवी झाडे, आणि कोणी उभे राहू नये असा निरोप. २००९ च्या ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. विधानसभेचे मतदान १३ तारखेला होते. आमदार-खासदारकीच्या उमेदवाराला निदान बंदोबस्त मिळतो. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला कोण देणार? तो रात्री त्याच गावात झोपतो.

म्हणून माघारीचा खरा इतिहास लोकसभेत नाही, ग्रामपंचायतीत आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत कित्येक जागांसाठी एकही अर्ज आला नाही. कुठे अर्ज आले आणि मागे घेतले गेले. राज्य निवडणूक आयोग पोटनिवडणुकीचा कार्यक्रम लावी, पुन्हा अर्ज येत नसे, जागा पुन्हा रिकामी, पुढच्या यादीत तेच गाव. २०१२ साली लोकप्रतिनिधींच्या हत्या झाल्या आणि सरपंच-सदस्यांच्या सामूहिक राजीनाम्यांची लाट आली. निवडून येऊन कारभार करणाऱ्या माणसांनी एका ओळीचे कागद लिहून दिले आणि ते मोकळे झाले. मोकळे म्हणजे जिवंत राहिले.

माघारीच्या छापील नमुन्यात कारणाचा रकाना नाही. मी अमुक, माझी उमेदवारी मागे घेत आहे, एवढेच. तहसील कार्यालयातल्या अधिकाऱ्याने सही ताडून पाहायची, चेहरा ओळखायचा. समोरच्याच्या घरी काल रात्री कोण येऊन गेले, हे विचारायची सोय कायद्याने त्याला दिलेली नाही. १९७४ नंतर आमदार-खासदारांचा राजीनामा दडपणाखाली आहे का, हे पाहण्याचे बंधन अध्यक्षांवर आले. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम २९ मध्ये सदस्याने सरपंचाकडे आणि सरपंचाने पंचायत समितीच्या सभापतीकडे राजीनामा द्यायचा असतो. वाद असेल तर सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते. पण वाद घालणार कोण? ज्याने भीतीने लिहून दिले तो सातव्या दिवशी गडचिरोलीला जाऊन 'मी घाबरलो होतो' असे सांगेल, ही अपेक्षा मुंबईत बसूनच करता येते. सभापतीही त्याच जंगलात राहणारा.

पैसे देऊन अर्ज मागे घ्यायला लावणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३व्या कलमात भ्रष्ट आचार आहे. धमकी देणे हाही अनुचित प्रभावच. पण तो निवडणूक झाल्यावर याचिकेत सिद्ध करायचा. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण पदांचा जाहीर लिलाव झाला होता आणि त्याच्या चित्रफिती फिरल्या होत्या. लिलावाची चित्रफीत निघते. बंदूक दाखवून मिळवलेल्या माघारीची कोण काढणार?

तरी गडचिरोलीचे मतदार मतदानाला कमी पडले नाहीत, हेही लिहून ठेवायला हवे. २०२४ च्या लोकसभेत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले, राज्यातल्या पहिल्या टप्प्यातले सर्वाधिक. आमगाव, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या विधानसभा क्षेत्रांत मतदानाची वेळ सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंतच होती, कारण मतदान पथकांना उजेड असताना परतायचे होते. माघारीला तीन आणि मतदानालाही तीन.

चंद्रपूरची कथा वेगळी. तिथे उमेदवार माघार घेतात ते बहुधा जंगलाच्या भीतीने नाही, पक्षाच्या दारात.

मार्च २०१९ मध्ये काँग्रेसने चंद्रपूरसाठी विनायक बांगडे यांचे नाव जाहीर केले. जिल्ह्यात नाराजी उसळली. तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाण यांचे एका कार्यकर्त्याशी झालेले फोनवरचे बोलणे बाहेर आले, त्यात ते स्वतःच राजीनाम्याची भाषा करत होते. आपल्या पक्षात आपले कोणी ऐकत नाही, हे प्रदेशाध्यक्षाच्याच तोंडून ऐकायला मिळाल्यावर राज्यभर हसे झाले. पुढच्या एकदोन दिवसांत नाव बदलले. वरोऱ्याचे शिवसेना आमदार बाळू धानोरकर पक्ष सोडून आले आणि काँग्रेसचे उमेदवार झाले. अर्जाची शेवटची तारीख २५ मार्च होती.

इथे माघारीचा कागद लागला नाही, हे लक्षात घ्यावे. पक्षाने जाहीर केलेल्या यादीला कायद्यात काहीच किंमत नाही. किंमत आहे ती पक्ष आपल्या अधिकृत उमेदवाराला देतो त्या एबी फॉर्मला, आणि तो अर्जाच्या शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत पोचला पाहिजे. त्याच कागदावर पक्ष पर्यायी उमेदवाराचे नावही देतो, ज्याला आपल्याकडे डमी म्हणतात. डमीचा अर्ज छाननीपर्यंत जिवंत असतो आणि मुख्य उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला की तो गळतो. बहुतेक वेळा डमी ही निव्वळ औपचारिकता. शेजारच्या रामटेकमध्ये २०२४ साली ती उपयोगी पडली. काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचे जात प्रमाणपत्र रद्द झाले, छाननीत अर्ज बाद झाला, आणि डमी असलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे पक्षाचे उमेदवार झाले. ते निवडूनही आले.

धानोरकरांनी २०१९ मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांचा ४४,७६३ मतांनी पराभव केला. त्या वर्षी महाराष्ट्रातून काँग्रेसचा हा एकच खासदार निवडून आला. चार वर्षांनी, वयाच्या पन्नाशीच्या आतच, त्यांचे निधन झाले.

आता हिशेब पाहा. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ ला संपणार होती. जागा रिकामी झाली ३० मे २०२३ ला. कलम १५१-अ म्हणते: सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या, अपवाद दोन. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा केंद्र सरकारशी सल्लामसलत करून केंद्रीय निवडणूक आयोगाने निवडणूक घेणे अवघड असल्याचे प्रमाणित केले तर. चंद्रपूरची उरलेली मुदत एक वर्ष सतरा दिवस होती. पहिला अपवाद सतरा दिवसांनी हुकला. उरला दुसरा, अवघडपणाचा.

अवघड काय होते? त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यातल्या कसबा आणि चिंचवडच्या पोटनिवडणुका झाल्या होत्या, आमदारांच्या निधनानंतर दोनेक महिन्यांत. २०२२ मध्ये मुंबईतल्या अंधेरी पूर्वला झाली होती. तिथे भाजपच्या मुरजी पटेल यांनी माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला, ऋतुजा लटके निवडून आल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची मते 'नोटा'ला पडली. म्हणजे यंत्रणा चालू होती. लोकसभेच्या जागांना मात्र हात लागला नाही. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले होते. ती जागाही तशीच. पुण्याच्या एका मतदाराने उच्च न्यायालयात दाद मागितली. इतर राज्यांच्या निवडणुकांत यंत्रणा गुंतलेली आहे आणि नव्या खासदाराला काम करायला फारसा काळ मिळणार नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. न्या. गौतम पटेल आणि न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने ते मानले नाही आणि १३ डिसेंबर २०२३ रोजी पोटनिवडणूक घ्यायला सांगितले. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुणेही रिकामे राहिले, चंद्रपूरही.

उलट बाजू अकोल्यात दिसली. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा नोव्हेंबर २०२३ मध्ये वारले. तिथे आयोगाने पोटनिवडणूक जाहीर केली, आणि उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी म्हणून नागपूर खंडपीठाने ती मार्च २०२४ मध्ये रद्द केली. जिथे घ्यायला हवी होती तिथे घेतली नाही, जिथे घ्यायची नव्हती तिथे जाहीर केली. याला योगायोग म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण हेतू होता असे म्हणायला पुरावाही माझ्याकडे नाही. ढिलाई मात्र उघड आहे.

अखेर सार्वत्रिक निवडणूकच आली. ३० मार्च २०२४, दुपारी तीन. चंद्रपूरच्या रिंगणात १५ उमेदवार उरले. मतदान यंत्राच्या एका बॅलट युनिटवर १६ बटणे असतात, शेवटचे 'नोटा'चे. पंधरा आणि एक, सोळा. एक युनिट बरोबर भरले. एखादा जास्त राहिला असता तर प्रत्येक केंद्रावर दुसरे युनिट न्यावे लागले असते. जिवती, कोरपनाच्या डोंगरावर यंत्रे वाहून नेणाऱ्या कर्मचाऱ्यांना विचारा, एका माघारीचे वजन किती असते ते.

बाळू धानोरकरांच्या पत्नी प्रतिभा धानोरकर, तेव्हा वरोऱ्याच्या आमदार, सुधीर मुनगंटीवार यांच्याविरुद्ध २,६०,४०६ मतांनी निवडून आल्या. १९६४ चा प्रघात पुढे चालू राहिला, एवढाच फरक की ताई कन्नमवारांना रिकाम्या जागेवर लगेच पाठवले गेले आणि इथे मतदारांना वर्षभर ताटकळावे लागले. त्या लोकसभेत गेल्यावर वरोऱ्याची जागा रिकामी झाली आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली. तिथे वर्षाहून कमी मुदत उरली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

या इतिहासातला ताजा प्रसंग घुग्घुसचा. कोळसा खाणी, सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने असलेले हे गाव २०२० च्या अखेरीस ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाले. पहिली निवडणूक आली २०२५ मध्ये. राज्यभरातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी २ डिसेंबरला मतदान ठरले. त्या दिवसांत गडचिरोलीचे वारेही बदललेले होते. १५ ऑक्टोबरला माओवादी नेता भूपती याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली होती, आणि गडचिरोली, आरमोरी, देसाईगंज या शहरांत प्रचार नेहमीसारखा चालला होता.

मग नोव्हेंबरच्या शेवटी राज्य निवडणूक आयोगाने अचानक घुग्घुसची निवडणूक पुढे ढकलली. गडचिरोली आणि आरमोरीतल्या काही जागांचीही. कारण निव्वळ नियमाचे होते. ज्यांचे अर्ज छाननीत बाद झाले त्यांनी जिल्हा न्यायालयात अपील केले होते. १९६६ च्या नगरपरिषद निवडणूक नियमांतला १७वा नियम सांगतो की अपिलाचा निकाल लागल्यावर उमेदवारांना माघारीसाठी तीन दिवस मिळाले पाहिजेत. काही ठिकाणी निकाल उशिरा लागले, ते दिवस न देताच चिन्हे वाटली गेली. अपील नगराध्यक्षपदाचे असेल तर सगळी नगरपरिषद थांबली, सदस्याचे असेल तर तेवढी जागा. नवी माघार १० डिसेंबरला तीन वाजेपर्यंत, मतदान २० डिसेंबरला. २ डिसेंबरला मतदान झालेल्या ठिकाणांची मोजणीसुद्धा नागपूर खंडपीठाने २१ तारखेपर्यंत थांबवायला लावली. प्रचारावर खर्च करून बसलेले उमेदवार चडफडले, सत्तेतले आणि विरोधातले दोघेही आयोगावर तुटून पडले. माझ्या मते चूक आयोगाची होती ती आधीच्या वेळापत्रकात. थांबवण्याचा निर्णय नियमाला धरून होता.

उमेदवाराचे माघारीचे तीन दिवस बुडाले तर निवडणूक थांबते, इतका आपला कायदा काटेकोर आहे. मग चंद्रपूरच्या १८ लाखांवर मतदारांचे वर्ष बुडाले त्याचे काय? साधा माघारीचा कागदही निवडणूक निर्णय अधिकारी भिंतीवर लावतो. पोटनिवडणूक 'अवघड' असल्याचे प्रमाणपत्र आयोगाने दिले तर तेही, कारणांसकट, त्या मतदारसंघातल्या प्रत्येक तहसील कार्यालयाच्या भिंतीवर लावणे संसदेने बंधनकारक करावे. आणि अर्ज मागे घ्यायला आलेल्या माणसाला अधिकाऱ्याने एकांतात एवढे तरी विचारावे की तू स्वखुशीने आला आहेस का. आमदार-खासदारांच्या राजीनाम्याला ती चौकशी मिळून पन्नास वर्षे झाली. भामरागडच्या ग्रामपंचायत सदस्यालाही ती मिळायला हवी.